समेवरची टाळी

आमच्या गावात टाळी वेळेवर पडते. बाहेरून आलेल्या माणसाला हे आधी खरं वाटत नाही. एकदा नागपूरहून एक नावाजलेले तबलावादक शाळेच्या कार्यक्रमाला आले होते. त्यांनी पहिला तुकडा वाजवला आणि तो जिथे येऊन संपला नेमकी तिथे, ना आधी ना नंतर, सगळ्या सभागृहाची एकच टाळी पडली. बुवा दचकले. समोर कोण बसलं होतं? बाजार समितीचे हमाल, पिठाच्या गिरणीवाले, एस.टी.चे कंडक्टर, सोमवारच्या बाजारात कांदे विकणाऱ्या बाया. बुवांनी विचारलं, "इनको किसने सिखाया?" आम्ही सगळ्यांनी स्टेजच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे गळ्यात शिट्टी अडकवून मेश्राम मॅडम उभ्या होत्या.

नंतर मी त्यांचं अभिनंदन करायला गेलो तर म्हणाल्या, "मागच्या दोन रांगा अर्धी मात्रा उशिरा व्हत्या, सर."

मेश्राम मॅडम आमच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. कथक ही त्यांची नोकरी नव्हती, सवय होती. कुठे शिकल्या, कोणाकडे शिकल्या असं विचारलं की "नागपुरात, हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत" एवढंच उत्तर मिळायचं. उंच, हाडापेराने मोठ्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसून पुरुषी ढांगा टाकत चालणारी ही बाई नाचत असेल असं पाहून कोणाला वाटलं नसतं. घुंगरं त्या दुधाच्या पावडरीच्या जुन्या डब्यात ठेवायच्या. डब्याचं झाकण घट्ट बसायचं आणि दर शनिवारी ते उघडायला शिपायाला बोलवावं लागायचं, पण डबा काही त्यांनी बदलला नाही.

त्या मोजायच्या. जिना चढताना, भाजी निवडताना, मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना. मांडीवरच्या पदराखाली बोटं चालूच असायची. एखादं भाषण लांबलं की माझ्याकडे झुकून सांगायच्या, "अडतीस आवर्तनं झाली सर, अजून मुद्द्यावर नाही आले." कथकात बहुतेक वेळा सोळा मात्रांचं चक्र, म्हणजे आवर्तन, फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं, त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. गावाला शिकवण्याची कथा त्याहून जुनी. एका स्नेहसंमेलनात मुलगी तिहाई घेत होती, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर यायचं, आणि पब्लिकने दुसऱ्याच फेरीत टाळ्यांचा पाऊस पाडला. मॅडम स्टेजवर आल्या, शिट्टी मारली आणि नाच थांबवला. समोर पंचायत समितीचे सभापती बसले होते.

"अहो, पोरगी घरी येऊन राह्यली," मॅडम म्हणाल्या. "तिले उंबरठ्यात पाय तं टाकू द्या. रस्त्यातच कायले हार घालता?"

मग त्यांनी सगळ्या सभागृहाला, सभापतींसकट, हाताने सोळा मात्रा मोजायला लावल्या. दहा वेळा. लोक हसले, वैतागले, आणि शिकले. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मुलांना शिकवणारे मास्तर पैशाला पासरी मिळतात, ही बाई प्रेक्षकांना शिकवायची. "काहीही होवो," त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "सम सोडायची नाही." गावाने ते वाक्य इतकं मनावर घेतलं की पुढे लग्नात मंगलाष्टकांनंतरच्या अक्षतासुद्धा एका दमात पडायला लागल्या.

मी गणित शिकवायचो आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचो. हा दुसरा गुन्हा मॅडमना कळला आणि मी पकडला गेलो. नाचाला मागे एकच चाल सतत फिरती ठेवावी लागते, तिला लेहरा म्हणतात. नाचणारा भरकटला तरी लेहऱ्यावरून त्याला सम कुठे आहे ते कळतं. तबलजी दारव्ह्याहून जीपने यायचे, येईपर्यंत जीव टांगणीला. पेटी मात्र माझी, हक्काची. "सर, गणितात तुमी फर्स्ट क्लास," मॅडम म्हणायच्या, "पेटीत काठावर पास. पण तुमी थांबत नाही, हे तुमचं चांगलं आहे." ही तारीफ मला तेव्हा आवडली होती. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

त्यांची एक खोड मात्र मला बरीच वर्षं कळली नाही. शाळेपासून त्यांचं घर जीनच्या रस्त्याने पाच मिनिटांवर. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायची फॅक्टरी, आता बंद पडलेली. मॅडम तिकडून कधी जायच्या नाहीत. बसस्टँडला वळसा घालून, उन्हातान्हात वीस मिनिटं चालून घरी पोचायच्या. विचारलं तर, "चालणं चांगलं असते तब्येतीले." पी.टी.च्या बाईला कोण काय बोलणार?

साजिद त्यांना एका वरातीत सापडला. बसस्टँडजवळ टू-व्हीलर दुरुस्तीचं त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, वय चोविसेक, आणि सीडीवर बघून बघून तो असा काही नाचायचा की वरातीतला नवरदेव बाजूला पडून लोक त्यालाच बघायचे. हात खांद्यातून निखळल्यासारखे, मान वेगळी, कंबर वेगळी, आणि मध्येच सगळं थांबायचं. बँड वाजतोय, लोक नाचताहेत आणि हा एका पायावर पुतळा. मॅडम आमच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्या सरळ वरातीत शिरल्या.

"कोणत्या मात्रेवर थांबला रे?"

"क्या? मॅडम, मी तं असाच थांबलो."

"असाच नाही थांबला. सातवीवर थांबला. दोन्ही टाइम. मी मोजून राह्यली."

साजिदने मागे वळून मित्रांकडे पाहिलं. मित्र हसायला लागले होते. "काही चुकलं का मॅडम?" त्याने विचारलं. वरातीत नाचताना पी.टी.च्या बाईने पकडल्यावर माणूस दुसरं काय विचारणार?

"चुकलं नाही. सातवीवर कोणी थांबत नाही, म्हणून विचारलं. शनवारी शाळेत ये."

तो आला. हाताचं ग्रीस नीट निघालं नव्हतं म्हणून हात मागे बांधून उभा राहिला. घुंगरं बांधायला त्याने साफ नकार दिला. "मॅडम, दोस्त जीव घेतील माझा." मॅडमनी डबा बंद केला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं, त्याला कथक शिकवणार. पण झालं उलटंच. पहिल्या शनिवारी त्यांनी त्याला विचारलं, "तुले पडता येते का?"

साजिद पडून दाखवायला लागला. उभ्याने, पाठीवर, कुशीवर. आधी गुडघा, मग खांदा, मग तळहात, आणि जमिनीवर पडल्याचा आवाज नाही. मॅडमनी शाळेतल्या सहा मुली समोर उभ्या केल्या आणि म्हणाल्या, "याईले शिकव. लागलं नाही पाहिजे."

त्या शनिवारी पेटी आवरताना मी विचारलं, पडणं कशाला? मॅडम खिडकीत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या नाचात कोणी पडत नाही सर. पडलं तं ते चुकलं असते. मी लय शोधलं, गुरुजीच्या वह्या पालथ्या घातल्या. पडायचा तोडाच नाही, तसा तुकडाच कोणी बांधला नाही. आन् थ्या बाया तं पडल्या."

मग त्यांनी सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना जीनमध्ये आग लागली होती. रेच्याजवळ, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राजवळ, ठिणगी पडून रुईच्या ढिगाने पेट घेतला. सुटीआधी कोणी जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी होती. आत सहा बाया होत्या. चेहरे ओळखता आले नाहीत. प्रत्येकीच्या गळ्यात पितळी बिल्ला असायचा, त्यावरच्या नंबरावरून नावं ठरली. पुढे फाटकाशी संगमरवरी पाटी बसली. कौसल्या, रुख्मा, जाई, हसीना, तानी आणि सरस्वती.

"सहावी सरस्वती नव्हती," मॅडम म्हणाल्या. "सहावी माझी माय. यशोदा."

जीनमध्ये दोन दिवस खाडा झाला की जागा जायची. म्हणून बायांनी आपसात एक रीत पाडली होती, 'नावावर जाणं'. एकीला अडचण आली की ती शेजारणीला आपला बिल्ला द्यायची आणि शेजारीण तिच्या नावावर दिवस भरून यायची. मुकादमाला माणसाशी नाही, बिल्ल्याशी मतलब. त्या दिवशी यशोदा सरस्वतीच्या नावावर गेली होती. सरस्वती पाटीवर मेली आणि घरी जिवंत राहिली. गल्लीतल्या दोन-चार घरांना ठाऊक होतं, पण त्या घरांतल्या बायासुद्धा कोणाच्या तरी नावावर जात होत्या, म्हणून सगळ्यांनी तोंड मिटलं. उरलेल्या गावाचा हिशेब सोपा होता. पाटीवर यशोदेचं नाव नाही, घरी यशोदा नाही, म्हणजे ती कोणाचा तरी हात धरून गेली. मॅडमना शाळेत पोरी तेच म्हणायच्या. मॅडम हे सांगत असताना खिडकीच्या गजावर त्यांची बोटं चालू होती.

"आणि सरस्वती?" मी विचारलं.

"सरूमाय," त्या म्हणाल्या. "तिनंच तं मले वाढवलं."

सरूमाय मला माहीत होती. गावात कोणाला नाही? पण पाटीवरची सरस्वती म्हणजे हीच, हे त्या गल्लीबाहेर कोणाला माहीत नव्हतं. दरवर्षी मॅडमच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, डाव्या टोकाच्या खुर्चीवर, पांढऱ्या लुगड्यातली चिमुकली म्हातारी. तिची टाळी सगळ्यांच्या आधी कधी पडली नाही आणि नंतरही नाही. तिला गावातली पहिली शिष्या म्हणायचे. मॅडम घरी रियाज करायच्या तेव्हा ती चुलीपुढे बसून हाताने मात्रा धरायची.

पाटी बदलायचा प्रयत्न मॅडमनी केला होता. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी एका साहेबांनी फार सज्जनपणे सांगितलं की सरस्वतीबाई मयत असल्यामुळे नाव बदलायला त्यांची हरकत नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा. मेलेल्या बाईची सही. मी हसलो. मॅडमही हसल्या. खरं तर सरूमाय स्वतः त्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली असती तर काम झालं असतं. ती जात नव्हती.

तर कार्यक्रम असा ठरला. साजिद रेचा होणार. मुली कथकाच्या तत्कारात, म्हणजे पायांच्या कामात, रेच्यावर कापूस टाकणार. मॅडम माइकवर नाचाचे बोल म्हणणार आणि बोलांत एकेका बाईचं नाव येणार. नाव तीनदा घ्यायचं, तिसरं समेवर, आणि समेवर त्या नावाची मुलगी पडणार. सहा नावं, सहा समा. सगळ्या गावासमोर, माइकवर, सहावं नाव यशोदा. बस, एवढंच त्यांना हवं होतं.

साजिदने जीव ओतला. एकदा म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम नाही थांबत. बटन बंद केलं तरी दोन-चार झटके देते, मंग मरते." आणि त्याने ते करून दाखवलं. आधी मनगट, मग कोपर, मग मान. मुली बघत राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "हे माझ्या गुरुजीनं पाहाले पाहिजे व्हतं." याहून मोठी शाबासकी मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात रोज यायचं आणि चांगल्या कारणासाठी एकदाही नाही. वर्गात हजेरी घेताना एखादं नाव हळू घ्यायचं किंवा गाळायचं, हे आम्हा मास्तरांना अंगवळणी पडलं होतं. तेरा दिवसांनी ते पोर आपोआप येऊन बाकावर बसायचं. मुख्याध्यापकांनी तालीम पाहिली आणि मॅडमना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, लोकं आताच मरून राह्यले. तुमी जुने मुर्दे कायले उकरता? एक दिवस तं हसू द्या लोकाईले."   शेवटी असं ठरलं की कार्यक्रम होईल, पण त्याच्यामागे लगेच एक सिनेमाचं धमाल गाणं होईल.

दोन दिवस आधी सरूमायने मॅडमना जवळ बसवलं. हे मला मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं.

"बाई, नाव घेऊ नको," सरूमाय म्हणाली. "यशोदेचं नाव घेतलं का लोकं इचारतीन, कोनाच्या नावावर गेलती? मंग म्हनतीन, सरूनं धाडली."

"ताप व्हता ना माय तुले. त्यात तुहा काय दोष?"

सरूमायने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "ताप नव्हता. मी लग्नाले गेलती. फुलसावंगीले. जेवाले बसली, तवाच निरोप आला." चाळीस वर्षं ती ताप होता असं सांगत आली होती. "मी मेल्यावर घे नाव," ती म्हणाली. "मंग मले काही कळनार नाही."

मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात खडू होता आणि तो त्या टेबलावर टेकवत होत्या. एकीकडे जन्म देणारी, एकीकडे वाढवणारी. एकीचं नाव घ्यायचं तर दुसरीला भर सभेत उभं करायचं. खोटं नाव घ्यायला जीभ धजेना. "मंग काय करता?" मी विचारलं.

"पाच नावं घेईन. सहावं घेणार नाही. सहाव्या आवर्तनात सगळं बंद. तबला बंद, घुंगरं बंद, साजिद उभा. सोळा मात्रा नुसत्या जाऊ देईन. फक्त तुमची पेटी चालू राहू द्या सर, नाहीतर ते आवर्तन आहे हे कोणाले कळणार? तेवढी जागा तरी तिची."

मला तो विचार फार सुंदर वाटला. आम्ही दोघंही शिकलेली माणसं. आम्हाला एक साधी गोष्ट सुचली नाही, जी गावातल्या कोणत्याही अडाण्याला सुचली असती. कारण ती आम्हीच शिकवलेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च. सरूमाय तिच्या खुर्चीवर. माझी पेटी स्टेजखाली डाव्या अंगाला, तिच्यापासून दोन हातांवर. साजिदचा रेचा सुरू झाला आणि लोक श्वास रोखून बघायला लागले. गॅरेजमधले मित्र मागे उभे होते, एकही हसला नाही. मुलींचे पाय एका लयीत. मॅडमनी पहिलं नाव घेतलं. कौसल्या. कौसल्या. कौसल्या. तिसरं समेवर आलं, मुलगी पडली, गुडघा, खांदा, तळहात. आणि सभागृहाने टाळी वाजवली.

एकच टाळी. समेवर. वीस वर्षांच्या मेहनतीची, निर्दोष टाळी.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलो नाही. लय धावत होती, पाच मुली पायांवर होत्या, मध्ये थांबलं तर कोण कुठे पडेल सांगता येत नव्हतं. त्यांनी रुख्माचं नाव घेतलं. टाळी. जाई. टाळी. लोकांचे डोळे भरलेले मला दिसत होते. त्यांना कळत होतं, वाईट वाटत होतं, आणि हात आपोआप उठत होते. कांदे विकणारी एक बाई तर रडत रडत टाळी देत होती. हसीना. तानी. प्रत्येक बाई पडली आणि प्रत्येकीवर गावाने टाळी वाजवली, जशी मॅडमनी शिकवली होती तशी, अर्ध्या मात्रेचाही फरक न करता.

मग सहावं आवर्तन. तबला थांबला. सहावी मुलगी जागीच थांबली, साजिद उभा राहिला, कसलाही झटका न देता. मॅडमनी डोळे मिटले. सभागृहात माझी पेटी तेवढी चालू होती, आणि त्या पेटीवर सगळं गाव मनात मोजत होतं. मी पेटी थांबवली असती तर सम कुठे आहे हे कोणाला कळलं नसतं. टाळी पडली नसती. ही गोष्ट मला बाराव्या मात्रेला कळली आणि तरी माझी बोटं थांबली नाहीत. मी थांबत नाही, हे माझं चांगलं आहे ना!

तेराव्या मात्रेला सरूमाय उभी राहिली. खुर्चीच्या हाताला धरून, हळूहळू. तिने मॅडमकडे पाहिलं. पाच नावं समेवर आली होती, तेव्हा सहावंही समेवरच यायला हवं, हे तिच्याइतकं गावात कोणाला कळत होतं? तिने तोंड उघडलं आणि जेवढा आवाज तिच्यात होता तेवढ्याने नेमकी समेवर ती म्हणाली, "यशोदा!"

आणि टाळी पडली.

दोन हातांवर होतो म्हणून मी ऐकलं. दुसऱ्या कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. मॅडमचे डोळे मिटलेले होते. टाळी विरली तेव्हा सरूमाय खाली बसलेली होती. पाठोपाठ सिनेमाचं गाणं सुरू झालं. शेवटच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, आणि मुख्याध्यापकांनी मला डोळ्यांनी खूण केली की बघा, लोक हसले.

मी पेटी बंद करत होतो तेव्हा सरूमायने माझी बाही धरली. "सर, तुमी आयकलं?"

"हो."

"तिले नका सांगू. तिच्यापरेंत गेलं नाही तं राहू द्या." मग म्हणाली, "मले पुन्ना जमनार नाही."

तिला पुन्हा जमलं नाही. मॅडमनी तो कार्यक्रम पुन्हा केला नाही. प्रेक्षकांना शिकवणंही बंद केलं, पण उपयोग काय? गाव शिकून बसलं होतं. साजिद पुढे मुलांना नाच शिकवायला लागला आणि पहिल्या दिवशी तो पडायला शिकवतो, असं ऐकतो. त्या कार्यक्रमानंतर दोन वर्षांनी सरूमाय गेली. तिच्या मृत्यूचा दाखला काढायला मॅडम गेल्या तर सांगण्यात आलं, आमच्याकडे त्या आधीच मयत आहेत. सरूमाय नव्हती, म्हणजे आता मॅडमना नाव घ्यायला मोकळीक होती. मी वाट पाहिली. त्या कधी बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन पाळायचं की जिवंत माणसासाठी मोडायचं, हे गणित मला सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही.

मॅडम रिटायर झाल्या. गुडघे गेले होते. नागपूरला मावशीच्या मुलीकडे राहायला जायचं ठरलं. मी बसस्टँडवर सोडायला गेलो. सामान थोडं, दुधाच्या पावडरीचा डबा मांडीवर. बस सुटायला पाच मिनिटं होती. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि एकदम बोलून गेलो. सरूमाय उभी राहिली होती. तिने नाव घेतलं होतं. मी ऐकलं होतं.

मॅडमनी खिडकीचा गज धरला. मला वाटलं, आता विचारतील, इतकी वर्षं का नाही सांगितलं? मी मान खाली घातली.

"कोणत्या मात्रेवर घेतलं?" त्यांनी विचारलं.

"समेवर."

"बरोब्बर समेवर?"

"बरोब्बर."

"तिचं नाही चुकलं मंग," मॅडम म्हणाल्या. "तिले म्याच शिकवलं व्हतं."

कंडक्टरने घंटी दिली. बसस्टँडसमोरचा रस्ता त्या दिवसांत खोदलेला होता आणि गाड्या जीनच्या रस्त्याने वळवल्या होत्या. माझ्या ते आधी लक्षात आलं नाही. बस वळली, तेव्हा आलं. मी मागोमाग थोडं चालत गेलो. फाटकापाशी खड्ड्यांमुळे बस मंदावली. पाटी तिथेच होती, अजूनही आहे. मॅडमचा एक हात खिडकीबाहेर गजावर होता आणि बोटं चालू होती. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. मग हात वर झाला आणि टाळी पडायच्या जागी तो तसाच उघडा, हवेत धरलेला राहिला, बस वळणाआड जाईपर्यंत.